खाऱ्या पाण्यातील शोभेचे मासे : अलगीकरण व परोपजीवींचा बंदोबस्त

गुरांच्या बाजारातून आणलेले नवे जनावर जाणता शेतकरी त्याच संध्याकाळी आपल्या गोठ्यात बांधीत नाही. ते काही दिवस परसात अलग बांधतो, त्याच्या तोंडाकडे व खुरांकडे लक्ष ठेवतो, अंगावरील गोचीड पाहतो आणि मगच त्याला घरच्या गुरांत मिसळू देतो. ही दक्षता त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेली नसते. लाळ-खुरकुताने एकदा गोठा बसला की ती आपोआप अंगवळणी पडते. हाच शेतकरी किंवा त्याच्या घरातील तरुण जेव्हा खाऱ्या पाण्यातील शोभेच्या माशांचा जोडधंदा करावयास घेतो, तेव्हा मात्र पिशवीतून आलेला नवा मासा तो त्याच दिवशी जुन्या माशांच्या टाकीत सोडतो. मासा दिसावयास ताजातवाना असतो, अंगावर डाग नसतो, खाद्यही घेतो. दोन आठवड्यांनी टाकीतील सर्व मासे तळाशी पडलेले आढळतात आणि दोष पाण्याला किंवा खाद्याला दिला जातो.

हा धंदा आता केवळ मोठ्या शहरांतील हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‍घाटन १९५१ साली झाले, तेव्हा काचेच्या टाकीतील समुद्री मासा हा पाहण्याचा विषय होता, पाळण्याचा नव्हता. त्यानंतर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम व मंडपम येथील केंद्रांत विदूषक मासा, म्हणजे बाजारात ज्याला क्लाऊनफिश म्हणतात तो, बंदिस्त पाण्यात अंडी घालून वाढविण्याची पद्धत बसविण्यात आली. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केंद्र उभारून तेथील स्त्रियांना या कामाचे शिक्षण दिले. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानाने अशा माशांच्या पैदाशीचे काम हाती घेतले. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावरील कृषी सहायकास किंवा ग्रामसेवकास माशांच्या रोगाविषयी प्रश्न विचारला जाण्याचा संभव आहे, आणि उत्तर देण्यास वेळ थोडा असतो. या रोगांत तीन दिवसांचा उशीर पुष्कळदा सर्वस्व घालविणारा ठरतो.

विदूषक माशाची वयात आलेली जोडी ही या धंद्यातील दुभत्या म्हशीसारखी आहे. या जातीत सर्व मासे प्रथम नर असतात व गटातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी होतो. म्हणून जोडी विकत आणली की झाले, असे होत नाही. ती जमावी लागते व अंड्यावर येण्यास साधारणपणे वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. अशी जोडी एका नव्या माशाच्या पायी गेली, तर केवळ दोन मासे गेले असे होत नाही. मागचे वर्ष व पुढचे वर्ष अशी दोन वर्षे जातात.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला नव्हे

खाऱ्या पाण्यातील माशांचा सर्वांत परिचित रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या नावाच्या एकपेशीय जीवामुळे तो होतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये त्याची नोंद केली व १९५१ मध्ये ब्राऊन यांनी त्यास हे नाव दिले. पर, शेपटी व अंग यांवर मिठाचे कण शिंपडावेत तसे ठिपके दिसतात, मासा अंग घासतो, श्वास जोरात घेतो. चार-सहा दिवसांत ठिपके नाहीसे होतात. पाळणाऱ्याला वाटते, आपण टाकलेल्या अमुक औषधाने गुण आला. औषध टाकले नसते तरी ते ठिपके गेलेच असते.

याचे कारण समजून घेण्यास गोचिडाची उपमा उपयोगी पडेल. गुराच्या अंगावरील मादी गोचीड रक्त पिऊन फुगली की आपण होऊन गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते व तेथे अंडी घालते. जनावर स्वच्छ दिसते, पण गोठा भरलेला असतो. पांढऱ्या ठिपक्याचा जीवही तसाच वागतो. माशाच्या कातडीखाली तो सुमारे ३ ते ७ दिवस पोसतो, नंतर बहुधा रात्रीच्या अंधारात मासा सोडून तळाशी जातो आणि वाळू, दगड, काच, जाळे यांपैकी जे सापडेल त्यास चिकटून स्वतःभोवती कवच बांधतो. त्या कवचात त्याचे विभाजन होते व एकापासून दोनशेपर्यंत पिल्ले तयार होऊ शकतात. कवच फुटण्यास बहुधा ३ ते २८ दिवस लागतात. थंड पाण्यात क्वचित ७२ दिवसही लागल्याचे आढळले आहे. बाहेर पडलेले पिल्लू पोहत पोहत मासा शोधते व एक-दोन दिवसांत तो न मिळाल्यास मरते.

या एका जीवनक्रमातून उपचाराचे सर्व नियम निघतात. माशाच्या कातडीखाली असलेल्या जीवाला पाण्यातील औषध पोचत नाही. कवचातल्यालाही पोचत नाही. पोचते ते फक्त पोहणाऱ्या पिल्लाला. म्हणून औषध एक दिवस टाकून भागत नाही, ते शेवटचे कवच फुटेपर्यंत पाण्यात योग्य प्रमाणात टिकले पाहिजे. दुसरे असे की, एकदा रोगातून वाचलेल्या माशाच्या अंगी काही काळ प्रतिकारशक्ती येते. त्याच्या अंगावर ठिपके दिसत नाहीत, परंतु कल्ल्यांत थोडे जीव असू शकतात. असा निरोगी दिसणारा मासाच अधिक धोक्याचा. व्यापाऱ्याकडे अनेक टाक्यांचे पाणी एकाच गाळणीतून फिरत असते, त्यामुळे पैदास केंद्रात जन्मलेले पिल्लूही तेथे चार दिवस राहिल्यास रोग घेऊन येऊ शकते. तेव्हा ‘हा पकडलेला नाही, पैदाशीचा आहे’ या आश्वासनावर अलगीकरण टाळू नये.

अलग टाकी कशी असावी

अलग टाकीला शोभा नको. साधी काचेची टाकी अथवा खाद्यपदार्थास चालणाऱ्या प्लॅस्टिकचे पिंप, हवा देणारा पंप, माशाला दडण्यास पी. व्ही. सी. नळाचे दोन-तीन तुकडे आणि झाकण एवढे पुरे. वाळू, शिंपले व प्रवाळाचे तुकडे टाकूच नयेत. कवचांना त्यांत आसरा मिळतो आणि चुनखडीयुक्त पदार्थ पुढे टाकावयाचे तांबे शोषून घेतात. स्पंजाची गाळणी ठेवावयाची असल्यास ती अगोदर तीन-चार आठवडे मासे नसलेल्या खाऱ्या पाण्यात, अमोनिया पचविणारे जंतू तिच्यावर वाढतील अशा रीतीने, तयार करून ठेवावी. अलग टाकीतील पुष्कळ मृत्यू परोपजीवींमुळे होतच नाहीत. ते अमोनियामुळे होतात व नाव रोगाचे होते. अमोनिया तपासण्याचा संच व क्षारतामापक या दोन वस्तू ज्याच्याकडे नाहीत त्याने मासा आणण्याची घाई करू नये.

टाकी मुख्य टाक्यांपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावी. पुढे सांगितलेल्या मखमल रोगाचे जीव हवेतील तुषारांबरोबर, वारा वाहता असल्यास ३ मीटरपर्यंत गेल्याचे प्रयोगात आढळून आले आहे. पंखा लावलेल्या एकाच खोलीत दोन्ही टाक्या ठेवल्या तर अलगीकरण नावापुरतेच राहते. जाळे, बादली व नळी स्वतंत्र असावी. खाद्य घालण्याचा क्रम प्रथम मुख्य टाकी व शेवटी अलग टाकी असा ठेवावा आणि मग हात धुवावेत.

नव्या माशास किमान ३० दिवस येथे ठेवावे.

औषधावाचून उपचार

ज्या गावी प्रयोगशाळा नाही व औषधाची खात्री नाही, तेथे पांढऱ्या ठिपक्यांसाठी टाकीबदल ही पद्धत सर्वांत निर्धोक आहे. तिला औषध मुळीच लागत नाही. लागतात ती दोन सारखी पिंपे, दोन हवेचे दगड, पुरेसे खारे पाणी आणि तारीख न चुकविणारा माणूस. यांतील चौथी गोष्ट मिळणे सर्वांत कठीण, असा अनुभव येतो.

पहिल्या दिवशी मासा पहिल्या पिंपात सोडावा. तीन दिवस पूर्ण होण्याच्या थोडे आधी, म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी, तो दुसऱ्या पिंपात हलवावा. मधल्या काळात माशावरून गळलेले जीव पहिल्या पिंपात कवच बांधून बसलेले असतात, पण त्यांची पिल्ले अद्याप बाहेर आलेली नसतात. त्यांना मासा मिळतच नाही. हलविताना जुने पाणी शक्य तितके कमी जावे. नव्या पाण्याची क्षारता व उष्णता जुन्याइतकीच असावी, नाहीतर रोग टळला तरी मासा दगावेल. रिकामे झालेले पिंप, नळाचे तुकडे व हवेचा दगड धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावे. हे कवच कोरडेपणा सहन करू शकत नाही. याप्रमाणे सातव्या व दहाव्या दिवशी पुन्हा बदल करून तेराव्या दिवशी मासा अखेरच्या स्वच्छ टाकीत सोडावा. माशाच्या अंगावर हा जीव सुमारे ७ दिवसच राहत असल्याने एवढ्या अवधीत सर्व जीव गळून मागे राहिलेले असतात. एखादा बदल एका दिवसाने लांबला, तर पूर्वीचे सर्व श्रम वाया गेले असे समजून मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा पिंप विरंजक चूर्णाच्या पाण्याने धुऊन, पुनः साध्या पाण्याने खळबळून, वाऱ्यावर कोरडे करावे.

दुसरा औषधावाचूनचा मार्ग क्षारता उतरविण्याचा. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन दिवसांच्या अवधीत थोडथोडे गोडे पाणी घालून ते १५ ते १६ ग्रॅमपर्यंत आणावयाचे व तीन ते चार आठवडे तेथेच ठेवावयाचे. मासा हे सोसतो, कवचातील जीव बहुधा फुटून मरतो. मात्र मोजमाप अचूक हवे. क्षारता १८ वर राहिली तर मासा व जीव दोघेही सुखाने जगतात. शिवाय कमी क्षारतेस सरावलेल्या या जीवाच्या काही जाती आढळल्या आहेत. परत वर नेताना घाई करू नये, त्यास आठवडा द्यावा. झिंगे, प्रवाळ व समुद्रफुले या उपचारात जगत नाहीत.

मोरचूद : फवाऱ्याचे माप येथे चालत नाही

द्राक्षबागाईतदारास मोरचूद परिचित आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद पडतो. माशाच्या टाकीतही परोपजीवी मारणारे द्रव्य तेच, म्हणजे तांबे. पण प्रमाण पाहावे : १०० लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅम मोरचूद, म्हणजे फवाऱ्याच्या सुमारे सतरा हजारांश! अंदाजाने चिमूट टाकणाऱ्याच्या हातून मासा वाचणे शक्य नाही.

टाकीत मुक्त तांब्याचे प्रमाण दर लिटरला ०·१५ ते ०·२० मिलिग्रॅम राहिले पाहिजे. त्याखाली रोग जगतो, ०·२५ च्या पुढे मासा धोक्यात येतो. शुद्ध मोरचुदात चतुर्थांशाहून किंचित अधिक तांबे असते. शेतीचा मोरचूद न वापरता प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा व १ ग्रॅम मोरचूद १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण करावे. या द्रावणाचे ६० मिलिलिटर १०० लिटर पाण्यास दिले म्हणजे सुमारे ०·१५ मिलिग्रॅम हे प्रमाण येते. येथे १०० लिटर म्हणजे टाकीतील प्रत्यक्ष पाणी, टाकीवर लिहिलेले माप नव्हे. तेही एकदम न घालता २०-२० मिलिलिटरच्या तीन मात्रा दोन-तीन दिवसांत द्याव्यात. खाऱ्या पाण्यात तांबे सावकाश तळाशी बसत असल्याने सकाळ-संध्याकाळ तपासणी संचाने प्रमाण पाहावे व घटेल तेवढीच भर घालावी. हा क्रम किमान तीन आठवडे अखंड चालवावा. एक दिवस जरी प्रमाण खाली गेले तरी त्या दिवशी निघालेली पिल्ले माशात शिरतात. बाजारात तयार मिळणारी संयुक्त तांब्याची औषधे वेगळ्या मात्रेने द्यावी लागतात, तेथे वेष्टनावरील माप पाळावे. क्षारता उतरविणे व तांबे हे दोन उपचार एकत्र करू नयेत, कारण कमी क्षारतेत तांबे अधिक विषारी होते. माशाने खाद्य सोडले तर हट्ट न करता अर्धे पाणी बदलावे.

तांब्याचे पाणी खाडीत, कोळंबीच्या तळ्यात वा विहिरीच्या आसपास ओतू नये. कोळंबी, खेकडे व कालवे यांस ते घातक आहे. सक्रिय कोळशातून गाळून, जेथे काही पिकवावयाचे नाही अशा दूरच्या खड्ड्यात ते जिरवावे. शेजाऱ्याच्या कोळंबीचे नुकसान करून वाचविलेल्या माशाचे मोल कोणी करणार नाही.

इतर तीन शत्रू

मखमल रोग, म्हणजे अ‍ॅमिलूडिनिअम, हा पांढऱ्या ठिपक्यांहून फार घातक. यात ठिपके नसतात. तिरक्या प्रकाशात पाहिल्यास अंगावर बारीक सोनेरी धूळ पडल्यासारखी दिसते, आणि तीही पुष्कळदा दिसत नाही, कारण जीव प्रथम कल्ल्यांत घर करतो. मासा पाण्याच्या प्रवाहाजवळ तोंड करून धापा टाकतो, प्रकाश टाळतो व दोन-चार दिवसांत, कधी एका रात्रीतही, मरतो. एका कवचातून २५६ पर्यंत पिल्ले निघू शकतात. क्षारता उतरविण्याचा येथे उपयोग नाही, कारण हा जीव खाडीच्या मचूळ पाण्यातही चांगला जगतो. तांबे मात्र लागू पडते. हिवतापावरील क्लोरोक्वीनही मत्स्यवैद्य वापरतात, पण ते त्यांच्याच सल्ल्याने द्यावे.

विदूषक माशास विशेषेकरून होणारा रोग ब्रुकलिनेला होस्टिलिस या जीवाचा. लोम व निग्रेली यांनी १९७० मध्ये त्याचे वर्णन केले. अंगावर ठिपक्यांऐवजी दाट पांढरट चिकटा येतो व तो फाटक्या सालीसारखा सुटतो. हा जीव तळाशी जाऊन कवच करीत नाही, माशावरच दुभागून वाढतो, त्यामुळे वाढ झपाट्याने होते. तांब्याने तो हटत नाही. येथे चुकीचे निदान म्हणजे मृत्यू होय. उपचार ३७ टक्के फॉर्मॅलिनच्या स्नानाचा : वेगळ्या भांड्यातील १० लिटर खाऱ्या पाण्यात १·५ मिलिलिटर घालून ३० ते ६० मिनिटे. पुस्तकांतून २·५ मिलिलिटरपर्यंत मात्रा दिलेली असते, परंतु कोकणातील उबदार पाण्यात फॉर्मॅलिन अधिक तीव्र होते, तेव्हा कमी मात्रेनेच आरंभ करणे इष्ट. फॉर्मॅलिन पाण्यातील प्राणवायू कमी करते, म्हणून हवेचा पुरवठा जोराचा असावा व माणसाने जवळून हलू नये. मासा कलंडल्यास तत्काळ काढावा. स्नानानंतर तो जुन्या नव्हे, नव्या स्वच्छ टाकीत सोडावा व एक दिवसाआड दोन वेळा पुन्हा स्नान द्यावे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला असेल तर ते फॉर्मॅलिन फेकण्याच्याच योग्यतेचे. हे द्रव्य माणसासही अपायकारक व कर्करोगास कारण होणारे आहे. हातमोजे घालून, उघड्या जागी व मुलांपासून दूर ते हाताळावे.

तिसरा शत्रू त्वचेवरील चपटे कृमी. हे एकपेशीय नसून डोळ्यांनी दिसू शकतील एवढे असतात, पण पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. माशाचा डोळा धूसर होतो, तो अंग घासतो. निदान व उपचार एकाच वेळी होतो. क्लोरीन उडालेले, माशाच्या टाकीइतक्याच उष्णतेचे व सामूचे गोडे पाणी काळ्या भांड्यात घेऊन त्यात हवा सोडावी व मासा ३ ते ५ मिनिटे ठेवावा. कृमी पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. काळ्या भांड्यावर ते स्पष्ट दिसतात व पाळणाऱ्याची खात्री पटते. परंतु त्यांची अंडी चिवट दोऱ्यांनी जाळ्यास व नळांस चिकटलेली राहतात व त्यांवर ना गोड्या पाण्याचा परिणाम होतो ना औषधाचा. म्हणून प्राझिक्वांटेल दर लिटरला २ ते ५ मिलिग्रॅम देऊन, सुमारे आठवड्याने, नवे कृमी निघाल्यावर पण त्यांनी अंडी घालण्यापूर्वी, पुन्हा एकदा द्यावे.

निदानाची शंका असल्यास कातडीवरील चिकट्याचा अंश काचपट्टीवर घेऊन जवळच्या शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली ताबडतोब पाहावा. ब्रुकलिनेला काचपट्टीवर सरपटताना दिसतो, पांढऱ्या ठिपक्याचा जीव गोल फिरत राहतो, मखमलीचा हलत नाही. काचपट्टी वाळली की काहीच कळत नाही. मेल्याला काही तास झालेल्या माशावरून तपासणी करू नये, कारण तोवर परोपजीवी त्याला सोडून गेलेले असतात.

मुख्य टाकीत रोग शिरल्यास

अशा वेळी मुख्य टाकीत औषध ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा. तेथील वाळू व दगड तांबे शोषतात व पुढे कोणताही झिंगा त्या टाकीत जगेलच असे सांगता येत नाही. सर्व मासे, अंगावर काही दिसो वा न दिसो, उपचाराच्या टाकीत हलवावेत आणि मुख्य टाकी माशांवाचून रिकामी चालू ठेवावी. कोकणच्या उष्णतेत सहा आठवडे बहुधा पुरतात. पैदाशीची जोडी परत सोडावयाची असेल तर ७६ दिवस थांबणे अधिक सुरक्षित. या काळात एकही मासा, अगदी खाडीतले बारीक पिल्लूसुद्धा, त्या टाकीत जाता कामा नये.

समुद्रफूल, झिंगे, शंख व जिवंत दगड यांना हे रोग होत नाहीत. परंतु त्यांच्या पाठीवरून कवचे येऊ शकतात. विदूषक माशासाठी समुद्रफूल आणले तर त्यास औषध न देता, मासा नसलेल्या वेगळ्या टाकीत, तितकेच ७६ दिवस ठेवावे. टाकीवर आणल्याची तारीख खडूने लिहून ठेवावी.